दात्याची इच्छा

‘डोनर’ हा शब्द आता मराठीत रुळला आहे. किडनीसाठी डोनर शोधतात, संस्था आपल्या डोनरना वार्षिक अहवाल पाठवतात, गरीब देशांना मदत देणारे देशही डोनरच. इंग्रजीत तो पंधराव्या शतकात आला, अँग्लो-नॉर्मन फ्रेंचमधून, म्हणजे तेव्हाच्या इंग्लंडमधल्या न्यायालयांच्या भाषेतून. त्यामागे लॅटिन ‘दोनातोर’, त्यामागे भेट या अर्थाचा ‘दोनुम’ आणि सर्वांच्या तळाशी ‘देणे’ या अर्थाचा प्राचीन भारोपीय धातू. संस्कृतातला ‘दा’ त्याच धातूपासून आलेला. दान आणि डोनेशन यांच्यातलं साम्य योगायोगाचं नाही, ती सख्खी चुलत भावंडं आहेत.

या कुळाचा पसारा थक्क करणारा आहे. औषधाचा ‘डोस’ म्हणजे ग्रीकमध्ये ‘देणे’. ‘अँटिडोट’ म्हणजे विषाविरुद्ध दिलेलं. रोमन पत्रांत अमुक गावी, अमुक दिवशी ‘दिलं’ असं लिहीत. त्या ‘दिलं’चीच ‘डेट’ झाली. परंपरेला इंग्रजीत ‘ट्रॅडिशन’ म्हणतात आणि देशद्रोहाला ‘ट्रीझन’. दोन्ही शब्द ‘हवाली करणे’ या एकाच लॅटिन क्रियापदातून निघाले. पुढच्या पिढीच्या हवाली केलं तर परंपरा, शत्रूच्या हवाली केलं तर फितुरी.

त्याहून नवल हित्ती भाषेचं. अनातोलियातल्या या प्राचीन भाषेत ‘दा’ म्हणजे ‘घेणे’! फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ एमिल बेन्व्हेनिस्त यांनी यावरून असं मांडलं की मूळ धातूत देणं-घेणं वेगळं नव्हतं. वस्तू कोणत्या दिशेला गेली ते वाक्यरचनेवरून ठरायचं. मला हे पटतं, कारण संस्कृतात ‘दा’आधी ‘आ’ लावला की घेण्याचं ‘आदान’ होतं. आणि मराठीत मूल दत्तक ‘घेतात’, जरी दत्त म्हणजे दिलेला.

देणाऱ्याची नोंद ठेवण्याची रीतही जुनी. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर ब्राह्मी लिपीत ‘दानं’ हा शब्द कोरलेला आहे. एकेक खांब एकेकाने दिलेला, आणि देणाऱ्यांत धेनुकाकट या गावचे, स्वतःला यवन म्हणवणारेही आहेत. पश्चिम युरोपात हीच नोंद चित्रांत होई. गेंट इथल्या १४३२च्या वेदीचित्रात यान व्हान आयकने योस वैट आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ यांना हात जोडून गुडघे टेकलेलं दाखवलं आहे, कारण खर्च त्यांचा होता.

कायद्याला मात्र दात्याच्या नावापेक्षा त्याच्या इच्छेचं महत्त्व वाटलं. तेराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये कुणी ‘अमक्याला आणि त्याच्या वंशजांना’ अशी जमीन दिली, तरी पहिलं मूल जन्मताच घेणारा ती विकून मोकळा होत असे. १२८५ साली पहिल्या एडवर्डच्या राजवटीत कायदा झाला : दस्तात लिहिलेली दात्याची इच्छा पाळलीच पाहिजे. या शब्दाच्या इतिहासातला हा मला सर्वांत मोलाचा क्षण वाटतो. वस्तू हातातून गेल्यावरही देणाऱ्याच्या मनाला मान मिळाला.

वैद्यकाने इच्छेची ही अट सैल केली. १९०५ साली ओलोमोउत्स इथे एडुआर्ड त्सिर्म यांनी पहिलं यशस्वी नेत्ररोपण केलं. बुबुळ अपघातात डोळा गमावलेल्या अकरा वर्षांच्या मुलाचं होतं. १९६७ साली केपटाऊनमध्ये डेनिस डारवॉल या तरुणीचं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवलं गेलं, होकार तिच्या वडिलांनी दिला. दोघांनाही इतिहास डोनरच म्हणतो. उलट, रोनाल्ड हेरिक यांनी १९५४ मध्ये बॉस्टनला जुळ्या भावासाठी मूत्रपिंड दिलं, ते स्वतः ठरवून. भौतिकशास्त्राने सिलिकॉनला इलेक्ट्रॉन देणाऱ्या फॉस्फरसच्या अणूलाही डोनर म्हटलं. तिथे तर इच्छेचा प्रश्नच नाही.

रक्ताच्या बाबतीत पैसा आडवा आला. रक्त विकणाऱ्यालाही डोनरच म्हणत. शेवटी १९७८ मध्ये अमेरिकेत पिशवीवर पैसे घेतलेला डोनर की स्वेच्छेचा, हे छापणं सक्तीचं झालं. भारतात सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८पासून रक्तविक्रीच बंद झाली. इच्छा असूनही प्रत्येक वेळी भागत नाही, हे मुंबईने दाखवलं. ओ गटाला सर्वांना चालणारा डोनर मानत. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी असा गट नोंदवला, ज्याला ओ रक्तही चालत नाही. त्या ‘बॉम्बे’ गटाच्या माणसाला त्याच गटाचा दाता लागतो.

भारताच्या १९९४च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने डोनरच्या व्याख्येतच ‘स्वेच्छेने’ हा शब्द घातला आणि वय किमान १८ ठेवलं. मृत्यूनंतरच्या दानाचं पत्र दोन साक्षीदारांसमोर लिहायचं, त्यांतला एक तरी जवळचा नातेवाईक हवा. तरीही आपल्या रुग्णालयांत आयत्या वेळी घरच्यांचा होकार लागतोच, आणि तो मिळाला नाही तर लिहून ठेवलेली इच्छा तशीच राहते. जमिनीच्या तुकड्याला १२८५ साली मिळालेली हमी माणसाच्या स्वतःच्या डोळ्यांना मिळू नये, हे मला सलतं. म्हणून साक्षीदार नेमताना सहीपुरता कुणीतरी नको. त्या दिवशी दवाखान्यात उभं राहून ‘हो, त्यांनी माझ्यासमोर लिहिलंय’ असं ठामपणे सांगेल, तोच माणूस हवा.