गावकीची भांडी आणि विद्यापीठाचे संगणक

विद्यापीठाच्या संगणक कक्षातला संगणक कोणा एकाचा नसतो. सकाळी त्यावर सांख्यिकीचे प्रात्यक्षिक होते, दुपारी कोणी प्रबंधाची प्रकरणे टाइप करतो, संध्याकाळी कोणी परीक्षेचा अर्ज भरून जातो. घरच्या संगणकावर चूक झाली तर ती ज्याची त्याला निस्तरावी लागते. सामाईक संगणकावर एकाची चूक पुढच्याला भोवते. त्यामुळे अशा कक्षाच्या व्यवस्थापनात दुरुस्तीचे काम थोडे आणि वाटपाचे काम जास्त असते. कोणाला किती वेळ द्यायचा, एकाच्या फाइली दुसऱ्याच्या हाती कशा लागू द्यायच्या नाहीत, आणि येणाऱ्या प्रत्येकाला यंत्र कालच्याच स्थितीत कसे मिळेल, हे त्यातले तीन मुख्य प्रश्न.

हे प्रश्न कोकणाला नवे नाहीत. लग्नकार्याला गावकीची भांडी नेण्याची रीत गावोगाव आहे. टोप, पराती, झारे मोजून न्यायचे, घासून मोजून परत करायचे आणि वहीत नोंद करायची. भांडे चेपले तर ते कोणाकडे चेपले हे त्या वहीवरून कळते. संगणक कक्षाची सारी तंत्रे याच तीन गोष्टींभोवती फिरतात: मोजणे, घासणे आणि नोंद ठेवणे.

रत्नागिरी जिल्ह्यात दापोली तालुका हे अशा सामाईक सोयीचे स्वाभाविक ठिकाण आहे. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले आणि आज डॉ. बाळासाहेब सावंत यांचे नाव असलेले कोकण कृषी विद्यापीठ दापोलीत आहे. कृषी, उद्यानविद्या, वनशास्त्र, कृषी अभियांत्रिकी अशा शाखांचे विद्यार्थी तिथे शिकतात. जिल्ह्यातली कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला जोडलेली आहेत. तालुक्याच्या उत्तर टोकाला, भारजा नदीच्या मुखाशी वसलेल्या केळशीसारख्या गावातून येणाऱ्या मुलाच्या हातात फोन असतो. निकाल पाहणे, अर्ज भरणे त्यावर होते. पण शेकडो झाडांच्या नोंदींचा तक्ता, जमिनीचा नकाशा किंवा शंभर पानी प्रकल्प अहवाल फोनवर होत नाही. त्यासाठी मोठा पडदा आणि कळफलक लागतो, आणि तो बहुतेकांना पहिल्यांदा भेटतो तो कॉलेजच्या लॅबमध्येच.

वाटून घेण्याचा इतिहास

संगणक जन्मतःच सामाईक होता. तो इतका महाग होता की एका माणसासाठी एक यंत्र ही कल्पनाच कोणी केली नव्हती. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ मध्ये सीडीसी ३६०० हा संगणक आला आणि बाहेरच्या संस्थांतले संशोधकही त्यावर कामे करून घेऊ लागले. त्या काळी छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा, तो रांगेत लागायचा आणि छापील उत्तर नंतर मिळायचे. एक कार्ड चुकले की पुन्हा रांग.

ही रांग मोडायचा मार्ग अमेरिकेत एमआयटी या संस्थेत सापडला. फर्नांडो कोर्बाटो यांच्या गटाने १९६१ मध्ये अशी प्रणाली चालवून दाखवली की तिच्यात एकच संगणक अनेकांना क्षणाक्षणाचा वेळ आळीपाळीने देत असे. प्रत्येकाला वाटे, यंत्र आपलेच आहे. सर्वांच्या फाइली एकाच ठिकाणी साठू लागल्यावर आपल्या त्या आपल्याच राहाव्यात म्हणून पासवर्ड आला. त्याच्या मागोमाग पासवर्डची चोरीही आली. ॲलन शेर या संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला चारच तास मिळत होते आणि ते पुरत नव्हते. १९६२ मध्ये त्याने पासवर्डची सगळी यादीच छापून घेतली आणि इतरांच्या नावावर काम सुरू ठेवले. वाटप अपुरे पडले की माणसे नियमाला वाट काढतात, हा धडा संगणक कक्षाला तेव्हापासून मिळालेला आहे.

पुढे यंत्रे स्वस्त झाली, टेबलाटेबलावर आली आणि उलटा प्रश्न उभा राहिला. फाइल एका यंत्रावर आणि आज जागा मिळाली दुसऱ्यावर, तर काय करायचे? १९८३ मध्ये एमआयटीने सुरू केलेल्या अथेना प्रकल्पाने त्याचे उत्तर दिले. माणसाची ओळख आणि त्याच्या फाइली मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवायच्या, टेबलावरचे यंत्र फक्त खिडकीसारखे वापरायचे. विद्यार्थी कुठल्याही संगणकापुढे बसला तरी त्याला स्वतःचेच दप्तर उघडून मिळते. आज जगभरातल्या विद्यापीठांत हीच रचना आहे आणि अथेनातून निघालेली केर्बेरॉस ही ओळख पटवण्याची पद्धत अजून वापरात आहे.

रोजची घासपूस

चांगल्या कक्षात प्रत्येकाचे खाते वेगळे असते. 'लॅब१' आणि 'लॅब१२३' असे एकच नाव-पासवर्ड फळ्यावर लिहून ठेवले की वहीच बंद झाली. कोणी काय केले हे नंतर सांगता येत नाही. याला कायद्याचीही बाजू आहे. सायबर सुरक्षेची केंद्रीय यंत्रणा सर्ट-इन हिने एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांनुसार कंपन्या आणि सरकारी संस्थांना आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात.

दुसरी गोष्ट साच्याची. चाळीस संगणकांवर चाळीस वेळा सॉफ्टवेअर बसवत बसले तर सुट्टी संपते. त्याऐवजी एक संगणक नीट तयार करतात. त्यावर ऑपरेटिंग सिस्टीम, सांख्यिकीसाठी आर, नकाशांसाठी क्यूजीआयएस, लिब्रेऑफिस, मराठी कळफलक आणि प्रिंटरची जोडणी असे सगळे बसवून तपासतात. मग त्याच्या डिस्कचा हुबेहूब ठसा सर्व्हरवर घेऊन तो नेटवर्कवरून एकदम सगळ्या यंत्रांवर उतरवतात. क्लोनझिला आणि फॉग ही त्यासाठीची मोफत साधने आहेत. बिघडलेल्या संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्ये तासन्‌तास डोके घालण्यापेक्षा त्यावर नवा ठसा मारणे सोपे पडते.

तिसरी गोष्ट म्हणजे घासणे. डीप फ्रीझसारखे सॉफ्टवेअर असलेला संगणक बंद करून पुन्हा सुरू केला की तो ठरलेल्या जुन्या स्थितीत परततो. कोणी बदललेले वॉलपेपर, उतरवलेला गेम, पेनड्राइव्हवरून शिरलेला शॉर्टकट व्हायरस हे सारे पुसले जाते. उघडे राहिलेले व्हॉट्सॲप वेब आणि ईमेलही त्यासोबत जातात. मात्र डेस्कटॉपवर ठेवलेला प्रबंधही जातो. फाइल कुठे ठेवायची आणि कुठे नाही, हे पहिल्याच तासाला शिकवावे लागते ते यासाठीच.

मराठी मजकुराच्या बाबतीत लॅबमध्ये हमखास येणारी तक्रार वेगळीच असते. गावातल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणलेला अहवाल लॅबमध्ये उघडला की पानभर रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. फाइल बिघडली, असे विद्यार्थ्याला वाटते. खरे तर ती धडधाकट असते. जुन्या मराठी फॉन्टमध्ये देवनागरी अक्षराचे चित्र रोमन अक्षराच्या क्रमांकावर चिकटवलेले असे. तो फॉन्ट ज्या यंत्रावर नाही, तिथे चित्र जाते आणि मूळ रोमन अक्षर उघडे पडते. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. तिथे 'क' कुठल्याही संगणकावर 'क'च राहतो. म्हणून मराठीसाठी युनिकोड फॉन्ट आणि इन्स्क्रिप्ट कळफलक हे ठशातच घालून ठेवायचे असतात, आणि जुन्या फाइलींसाठी फॉन्ट बदलून देणारे साधन हाताशी ठेवायचे असते.

खारा वारा आणि वादळ

कोकणात संगणकाला हवेचाही त्रास असतो. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. किनाऱ्यालगत हवेत मीठ असते. दमट, खारी हवा आणि धूळ मिळून पंख्यांवर चिकट थर बसतो, जोडण्यांवर गंज चढतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत महिनाभर बंद राहिलेला संगणक जूनमध्ये सुरूच होत नाही, त्याचे एक कारण हे असते. सुट्टीतही आठवड्यातून एकदा सगळी यंत्रे तासभर चालवणे हा स्वस्त उपाय आहे. पावसाच्या सुरुवातीला आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, तेव्हा चांगले अर्थिंग नसेल तर महागडा यूपीएसही कामाला येत नाही. वीज विद्युत तारेतूनच येते असे नाही. इमारतीबाहेरून ओढलेल्या नेटवर्कच्या तांब्याच्या वायरमधूनही ती आत शिरते. दोन इमारती जोडताना फायबर वापरतात, त्यामागे वेगाइतकेच हेही कारण आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. दापोली तालुक्यातल्या केळशी, आंजर्ले, हर्णे, मुरूड या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूणमध्ये वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले आणि तळमजल्यावरचे सारे बुडाले. या दोन घटनांमधून सर्व्हरसाठी दोन नियम निघतात. सर्व्हर तळमजल्यावर ठेवायचा नाही, आणि माहितीची एक प्रत त्याच इमारतीत न ठेवता दुसऱ्या गावी ठेवायची. मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक बाहेरगावी, असे याचे सर्वमान्य गणित आहे. ठेवलेली प्रत अधूनमधून उघडून पाहणे हा त्यातला सर्वाधिक विसरला जाणारा भाग.

मदतकक्ष

यंत्रे कितीही नीट ठेवली तरी माणसांना मदत लागतेच. लहान कॉलेजात लॅब असिस्टंटला हाक मारली की काम होते. विद्यापीठात हाकेने भागत नाही, म्हणून तक्रारीला क्रमांक देतात आणि त्या नोंदीला तिकीट म्हणतात. तिकिटात यंत्राचा क्रमांक, काय करताना काय झाले आणि पडद्यावर कोणता संदेश आला एवढे असले की निम्मे काम होते. "कॉम्प्युटर चालत नाही" एवढ्यावर मात्र काहीच करता येत नाही.

मदत तीन पायऱ्यांची असते. विसरलेला पासवर्ड, अडकलेला कागद, सुटलेली वायर हे पहिल्या पायरीवर सुटते. खाती, नेटवर्क, सॉफ्टवेअर परवाने दुसऱ्या पायरीवर जातात. सर्व्हर आणि वॉरंटीतली यंत्रे तिसऱ्या पायरीवर, म्हणजे तज्ज्ञाकडे किंवा देखभालीचा वार्षिक करार (एएमसी) घेतलेल्या पुरवठादाराकडे. एकाच यंत्राची पाच तिकिटे आली तर यंत्र बदलायचे. पाच यंत्रांची एकच तक्रार आली तर साचा सुधारायचा. तिकिटांची वही वाचणारा कोणी नसेल तर हे कधीच लक्षात येत नाही.

मदतीची तयारी नसताना मोठे काम अंगावर घेतले तर काय होते, ते २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठात दिसले. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकावर तपासण्याचा निर्णय ऐन परीक्षांच्या हंगामात अमलात आला. सरमिसळ झालेल्या उत्तरपत्रिका, प्रशिक्षणाविना लॉगइन करणारे शिक्षक, अडखळणारी यंत्रणा असे सगळे एकदम आले. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल महिनोन्‌महिने लांबले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर व्हावे लागले. संगणकावर उत्तरपत्रिका तपासणे ही पद्धत चुकीची नव्हती. आधी थोड्या विषयांवर चाचणी, मग प्रशिक्षण, मग विस्तार हा क्रम सुटला होता. त्याची झळ रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या मुलांनाही बसली, कारण त्यांची महाविद्यालयेही याच विद्यापीठाची.

खरेदी ते निर्लेखन

सरकारी पैशातून आलेला प्रत्येक संगणक डेडस्टॉक रजिस्टरमध्ये चढतो. पाच-सहा वर्षांनी तो मंदावतो, सुटे भाग मिळेनासे होतात. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा मोफत आधार थांबवला आणि अनेक जुन्या यंत्रांवर विंडोज ११ बसत नाही. अशा यंत्रांवर लिनक्स घालून ती आणखी काही वर्षे चालवता येतात. आर, क्यूजीआयएस आणि लिब्रेऑफिस तिथेही चालतात. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प अशाच मुक्त सॉफ्टवेअरचा शिक्षणात प्रसार करतो आणि तिथल्याच स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ मराठीतही आहेत.

शेवटी निर्लेखन. समिती यंत्र तपासते, निरुपयोगी ठरवते आणि रजिस्टरमधली नोंद कमी होते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार मोठ्या प्रमाणात उपकरणे वापरणाऱ्या संस्थांनी ती भंगारवाल्याला न विकता नोंदणीकृत उत्पादक, नूतनीकरण करणारा किंवा पुनर्चक्रण करणारा यांच्याकडेच द्यायची असतात. त्याआधी करायचे काम म्हणजे डिस्क पूर्ण पुसणे. फाइल डिलीट केल्याने किंवा साध्या फॉरमॅटने माहिती जात नाही, ती साध्या सॉफ्टवेअरने परत काढता येते. त्या डिस्कवर शेकडो विद्यार्थ्यांचे अर्ज, आधारच्या प्रती आणि गुणपत्रके राहिलेली असू शकतात. म्हणून डिस्क पुसल्याची सही झाल्याशिवाय संगणक कक्षाच्या दाराबाहेर काढायचा नसतो.