डाव्या हाताची शीर राखून ठेवा

मूत्रपिंडे निकामी होत आली आहेत असे डॉक्टरांनी सांगितले, की घरची माणसे प्रथम खर्चाची चौकशी करतात, मग मूत्रपिंड कोण देणार याची. रोग्याच्या हातातील शिरेविषयी मात्र कोणी विचारीत नाही. दुबलगुंडी व आसपासच्या वाचकांना आम्ही या वेळी तेवढेच सांगणार आहोत. कारण पुढचे बरेचसे बरेवाईट त्या शिरेवर अवलंबून असते.

डायलिसिसच्या यंत्रात रक्त गाळून शुद्ध करतात. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी सुमारे ४ तास. यंत्राला मिनिटाला २०० ते ३०० मिलिलिटर किंवा अधिक रक्त लागते. साधी शीर एवढे देऊ शकत नाही. बारीक पाटाने उसाचा मळा भिजत नाही, तसेच हे. यावर उपाय म्हणून ब्रेशिया, सिमिनो व त्यांच्या सहकारी डॉक्टरांनी १९६६ साली न्यूयॉर्कहून एक शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तीत मनगटाजवळ रोहिणी व नीला एकमेकींना जोडतात. रोहिणीच्या जोराने नीला फुगते, जाड होते व वारंवार सुई सोसते. यालाच फिस्टुला म्हणतात.

तो तयार होण्यास दीड-दोन महिने, कधी अधिक लागतात. काहींचा तयार होत नाही व पुन्हा करावा लागतो. रोगी धाप लागल्यावरच रुग्णालयात पोचला, तर मानेच्या शिरेत नळी घालावी लागते. नळीने त्या दिवशी जीव वाचतो. पण तिच्यातून जंतू रक्तात शिरण्याचा धोका फिस्टुलाहून पुष्कळ अधिक असतो.

म्हणून रोग कळताच, उजव्या हाताने काम करणाऱ्याने डावा हात राखावा. त्यात सलाईन लावू देऊ नये. फिस्टुला झाल्यावर त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये, घट्ट बांगड्या घालू नयेत, मोळी उचलू नये, तो अंगाखाली घेऊन झोपू नये. रोज सकाळी बोटे ठेवून थरथर तपासावी. ती थांबली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

ज्यांना मूत्रपिंड-रोपण करता येते, त्यांना डायलिसिसपेक्षा सहसा अधिक आयुष्य मिळते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली भारतातील पहिले यशस्वी रोपण झाले. आज जिवंत नातलगाने दिलेले मूत्रपिंड पुष्कळदा १५ वर्षे वा अधिक चालते. मात्र औषधे जन्मभर, न चुकता घ्यावी लागतात. मूत्रपिंडाची खरेदी-विक्री १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनीही २००० साली अवयवदानाला प्रेमाचे कृत्य म्हटले आणि अवयवांचा व्यापार निषिद्ध ठरविला.

रोपण होईपर्यंत रोग्याला तारतो तो फिस्टुलाच. रोपिलेले मूत्रपिंड पुढे थकले, तर पुन्हा त्याच हाताकडे यावे लागते. आपल्या घरी असा रोगी असेल, तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना एवढे अवश्य विचारा: "फिस्टुला कधी करायचा?"