घरच्या संगणकाचा पहारेकरी

वाल्डॉर्फमध्ये राहतो म्हणजे आपण सगळेच संगणकतज्ज्ञ, अशी गावाकडे समजूत! प्रत्यक्षात घरी कोणता अँटीव्हायरस घ्यावा, यावर आमचे एकमत होत नाही. पुण्याच्या काटकर बंधूंचे क्विक हील आपले वाटते. पण आपुलकी ही कसोटी नव्हे. माग्देबुर्गची एव्ही-टेस्ट संस्था संरक्षण, वेग आणि वापरातील सोय यांना प्रत्येकी ६ पैकी गुण देते. विंडोजबरोबर फुकट येणाऱ्या डिफेंडरनेही तिथे अनेकदा उत्तम गुण मिळवले आहेत.

मार्च २०२२ मध्ये जर्मनीच्या बीएसआयने कॅस्परस्की वापरू नका, असा इशारा दिला. प्रश्न गुणांचा नव्हता, युद्धकाळात रशियन कंपनीवर विसंबण्याचा होता. पहारेकऱ्याकडे घरातल्या सगळ्याच किल्ल्या असतात ना!

आईवडिलांचे फोटो मात्र वेगळ्या डिस्कवर उतरवा आणि ती संगणकापासून काढून ठेवा. जोडलेली राहिली, तर खंडणीखोर व्हायरस तिलाही कुलूप लावतो.