दुष्काळ सरला, कपात चालूच

महाराष्ट्राचा २०२५-२६चा सात लाख कोटींचा अर्थसंकल्प, ४५,८९१ कोटींची महसुली तूट, लाडक्या बहिणींच्या योजनेला ३६ हजार कोटी. या आकड्यांचा एव्हाना चोथा झालाय. मी मात्र फेब्रुवारीच्या पगारपत्रकातल्या एका ओळीपाशीच अडलोय : 'पीटी ३००'. पीटी म्हणजे प्रोफेशनल टॅक्स, व्यवसाय कर.

अकरा महिने दोनशे, फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार. राज्यघटनेच्या कलम २७६ने त्यापुढे जायला मनाई केलीय, म्हणून हा आकडा. नाहीतर कुठवर चढला असता कोण जाणे. आणि फेब्रुवारीतले जादा शंभर कशाला? बेरीज जुळावी म्हणून!

हा व्यवसाय कर १९७५चा. १९७२च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला गेली होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीचा प्रयोग त्याआधीच तासगाव तालुक्यातल्या विसापुरात केला होता. या हमीच्या खर्चासाठी हा कर : शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराची चूल पेटती ठेवायची आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर सरकारने पदरची घालायची, असा तो सौदा. (सरकारचा पदर म्हणजेही आपलाच खिसा, पण असो.) हेतूबद्दल तक्रार नाही. पुढे २००६पासून केंद्राची हमी आली, अकुशल मजुरीचा भार दिल्लीने उचलला. कर राहिला. २०२३मध्ये २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना सूट मिळाली, एवढंच. पेट्रोलचंही तेच : २०१५मध्ये दुष्काळासाठी लिटरमागे दोन रुपये अधिभार बसला, पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, अधिभार काही हटला नाही.

असे कर टिकतात कसे? कायदेपंडित नानी पालखीवाला मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर अर्थसंकल्पावर बोलत, तेव्हा क्रिकेटच्या मैदानात लोक कराचे दर ऐकायला बसत. १९७३-७४मध्ये आयकराचा वरचा दर ९७.७५ टक्के होता. वरच्या थरातल्या शंभर रुपयांतले सव्वादोन कमावणाऱ्याचे. असा कर झोंबतो, म्हणून माणसं जमतात आणि कधीतरी तो उतरतो. पगार हातात पडण्याआधीच कापलेले दोनशे झोंबत नाहीत. त्यासाठी स्टेडियम सोडा, टपरीवरही कोणी जमत नाही. म्हणून तर व्यवसाय कर पन्नाशीला पोहोचला.

माझं मागणं साधं आहे. एखाद्या कामासाठी म्हणून कर लावताना त्याची शेवटची तारीख विधेयकातच छापा. मुदत वाढवायची असेल तर पुन्हा सभागृहात या, कारण सांगा, मतदान घ्या. लाडक्या बहिणींसाठी उद्या एखादा अधिभार आला, तर त्यालाही हाच नियम.

तोवर आपापलं पगारपत्रक काढून बघा. पीटीच्या ओळीत रोजगार हमीचं नाव कुठेच नाही.