गुडघ्यातली दुर्बीण

जाडी चार मिलिमीटर, लांबी साधारण वीतभर. पोलादी नळी, टोकाशी तिरपं बसवलेलं भिंग, काचतंतूंतून येणारा थंड प्रकाश आणि मागच्या टोकाला कॅमेरा. भिंगाची नजर ३० अंशांनी कलती असते. त्यामुळे सर्जनने नळी जागच्या जागी नुसती फिरवली, तरी सांध्याचे कानेकोपरे दिसतात. वाटीच्या खाली दोन बाजूंना दोन बारीक छेद देतात, एकातून ही नळी जाते आणि दुसऱ्यातून हत्यार. सलाइन सोडून सांधा फुगवलेला असतो. त्या स्वच्छ पाण्यात पांढरीशुभ्र कूर्चा, तिच्यावर टेकलेली चंद्रकोरीच्या आकाराची गादी आणि मधोमध तिरका ताणलेला लिगामेंटचा दोर पडद्यावर दिसू लागतो. कबड्डीच्या पकडीत पाय अडकलेल्या पोराच्या घरी ‘दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलंय’ म्हणतात, ती दुर्बीण हीच. तिचं नाव आर्थ्रोस्कोप.

तिची गोष्ट खेळाडूंपासून सुरू होत नाही. ती सुरू होते क्षयरोगापासून. १९१८ साली टोकियो विद्यापीठातल्या केंजी ताकागी यांनी मूत्राशय तपासायची दुर्बीण एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्या काळी जपानमध्ये गुडघ्याचा क्षय पुष्कळ होता, आणि तो बरा झाला तरी गुडघा कायमचा ताठ होऊन बसे. जिथे जेवण, पाहुणचार, पूजा, सगळं जमिनीवर गुडघे दुमडून चालतं, तिथे न वाकणारा पाय माणसाला घरातच परका करून टाकतो. हे मराठी वाचकाला वेगळं समजावून सांगायला नको. पंगत, पाट, शेतातली खुरपणी, सगळं आपणही बसूनच करत आलो. रोग सांधा खाऊन टाकण्याआधीच तो ओळखता यावा, एवढाच ताकागींचा हेतू होता. पण ती पहिली नळी सात मिलिमीटरहून जाड होती, जिवंत माणसाच्या गुडघ्यात वापरण्याजोगी नव्हती. साडेतीन मिलिमीटरपर्यंत यायला १९३१ उजाडलं.

इतरांनीही तोच ध्यास घेतला होता. डेन्मार्कच्या सेवेरिन नॉर्डेन्टॉफ्ट यांनी १९१२ मध्येच बर्लिनच्या परिषदेत अशी कल्पना मांडली होती, स्वित्झर्लंडच्या ऑयगेन बिर्शर यांनी १९२१ मध्ये गुडघ्यात डोकावल्याचे अनुभव छापले, न्यूयॉर्कचे मायकेल बर्मन १९३१ मध्ये मृतदेहांचे अनेक सांधे तपासत होते. पण त्यांची कामं तिथेच थांबली. ताकागींना मात्र शिष्य मिळाला.

मासाकी वातानाबे हे त्या शिष्याचं नाव. युद्धात होरपळलेल्या टोकियोत, तेइशिन रुग्णालयात बसून त्यांनी गुरूचं काम पुढे नेलं. ताकागींनी बारा नमुने केले होते. वातानाबेंनी तेराव्यापासून मोजायला सुरुवात केली आणि पन्नासचं दशक संपताना एकविसावा नमुना हाती आला. तो खऱ्या अर्थाने वापरता आला. पुढे टोकियोतून तो परदेशी गेला, आणि ‘नंबर २१’ या नावानेच जगभरचे सर्जन त्याला ओळखू लागले. त्याच्या टोकाशी चक्क एक बारीकसा दिवा होता, तारेचा आणि काचेचा. तो क्वचित सांध्याच्या आतच फुटे. तरीही त्याच्या उजेडात जे दिसत होतं, ते त्याआधी जिवंत गुडघ्यात इतकं नीट कुणी पाहिलं नव्हतं. वातानाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये सांध्याच्या अंतरंगाचा एक चित्रसंग्रह प्रसिद्ध केला. त्यातली चित्रं चित्रकाराने रंगवलेली होती. यंत्राच्या इतिहासात त्या चित्रकाराचा वाटाही मला मोठा वाटतो. आत काय दिसतं हे दुसऱ्याला पटवायचं, तर आधी ते दाखवता यायला हवं.

मे १९६२ मध्ये वातानाबेंनी पुढचं पाऊल टाकलं. बास्केटबॉल खेळताना गुडघा मुरगळलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलाच्या गादीचा फाटका तुकडा त्यांनी दुर्बिणीतून बघत बघत काढला. पूर्ण गादी काढली नाही, फक्त फाटलेला पदर. तोवर गुडघा उघडून अख्खी गादी काढत, मग प्लास्टर आणि कित्येक आठवड्यांचं अंथरूण.

टोरांटोचे तरुण सर्जन रॉबर्ट जॅक्सन १९६४ मध्ये संशोधनासाठी टोकियोत आले होते. त्यांना वातानाबेंचा पत्ता लागला. शिकवणीचा मोबदला इंग्रजीत ठरला: जॅक्सननी इंग्रजी शिकवायचं, वातानाबेंनी आर्थ्रोस्कोप. कॅनडात परतल्यावर सुरुवातीला या नळीकडे फारसं कुणी गंभीरपणे पाहिलं नाही. छेद मोठा तर दिसतंही जास्त, ही सर्जनांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती. ती बदलायला काचतंतूंचा प्रकाश, छोटे कॅमेरे आणि टीव्हीचा पडदा यावा लागला. १९८४ साली अमेरिकेची धावपटू जोन बेनोइट हिच्या गुडघ्यावर दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. १७ दिवसांनी तिने ऑलिंपिकची निवड मॅरेथॉन जिंकली आणि त्याच उन्हाळ्यात लॉस एंजेलिसला महिलांची पहिली ऑलिंपिक मॅरेथॉनही. त्यानंतर या यंत्राला जाहिरातीची गरज उरली नाही.

इथून पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो रुग्णांपर्यंत कमी पोचतो. छेद बारीक, घरी जाणं त्याच दिवशी, धोका कमी. मग दुखणाऱ्या प्रत्येक गुडघ्यात दुर्बीण घालावी असं वाटणं स्वाभाविक होतं. झिजलेल्या गुडघ्यात नळी घालून तो धुवायचा, खरबरीत कडा तासायच्या, हा जगभर नित्याचा उपचार झाला. रुग्ण सांगत, बरं वाटतंय. ह्यूस्टनच्या ब्रूस मोझ्ली यांनी हे ‘बरं वाटणं’ तपासायचं ठरवलं. १८० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाचा गुडघा तासला, एकाचा नुसता धुतला आणि तिसऱ्या गटाच्या कातडीवर फक्त छेद दिले, आत काहीच केलं नाही. कोण कुठल्या गटात, हे रुग्णांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षांनी तिन्ही गट सारखेच होते. हा अभ्यास २००२ मध्ये छापून आला. २०१३ मध्ये फिनलंडच्या पाच रुग्णालयांनी असाच प्रयोग वयामुळे विरलेल्या गादीवर केला, १४६ रुग्णांवर, आणि निकाल तोच आला. झिजेच्या गुडघ्यावर दुर्बिणीचं ऑपरेशन करू नये, अशी ठाम शिफारस २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमधून झाली.

खोट्या छेदाला तयार होणारे रुग्ण आणि आपलीच कमाई पणाला लावणारे सर्जन, दोघांनाही या यंत्राच्या इतिहासात वातानाबेंच्या शेजारी जागा द्यायला हवी असं मी मानतो. पन्नाशीच्या बाईचा एमआरआय काढला की त्यात गादीची चीर दिसू शकते. ती चीर म्हणजेच दुखण्याचं कारण, हे मात्र त्याने सिद्ध होत नाही. गुडघा मध्येच अडकत असेल, तरण्या खेळाडूची गादी ताज्या मारामुळे फाटली असेल, तर गोष्ट वेगळी.

त्या तरण्या गुडघ्यासाठी दुर्बिणीने काढण्याऐवजी शिवायला शिकवलं. गादी हा स्नायूचा निरुपयोगी अवशेष आहे, असं लंडनच्या जॉन ब्लँड-सटन यांनी १८९७ मध्ये लिहिलं होतं, आणि अर्धशतक ते खरं मानलं गेलं. १९४८ मध्ये सर्जन फेअरबँक यांनी गादी काढलेल्या गुडघ्यांचे एक्स-रे पाहिले. सांध्याची फट अरुंद झालेली, हाडाचा घाट चपटा झालेला. भार वाटून घेणारी गादीच गेली, तर तो भार कूर्चेवर पडणारच. वातानाबेंचेच सहकारी हिरोशी इकेउची यांनी १९६९ मध्ये फाटलेली गादी दुर्बिणीतून टाके घालून जोडली. टाका कुठे धरतो हे रक्तपुरवठ्यावर ठरतं. बाहेरच्या काठाला रक्तवाहिन्या आहेत, तिथली चीर भरते. आतल्या धारेला नाहीत. शिवलेल्या गादीला आठवडे जपावं लागतं, कुबड्या सांभाळाव्या लागतात. चार दिवसांत चालायला लावणारं ऑपरेशन रुग्णाला आवडतं, पण विशीतल्या मुलाला पन्नाशीत चालायचं असेल तर टाकाच बरा.

कूर्चेचं दुखणं याहून अवघड. तिला रक्तवाहिन्या नाहीत, नसा नाहीत, आणि पेशी इतक्या विरळ की त्या जखमेकडे सरकून ती भरू शकत नाहीत. नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही, हे विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवलं होतं. अमेरिकेत व्हेलच्या रिचर्ड स्टेडमन यांनी कूर्चा गेलेल्या जागी हाडाला बारीक भोकं पाडून मज्जेतलं रक्त वर आणायची युक्ती रूढ केली. त्यातून जे उगवतं ते मूळच्या कूर्चेइतकं टिकाऊ नसतं. स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये लार्स पीटरसन आणि मॅट्स ब्रिटबर्ग यांनी वेगळी वाट धरली. रुग्णाच्याच गुडघ्यातून, भार न पडणाऱ्या जागेवरून, कूर्चेचा तुकडा दुर्बिणीने काढायचा, प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी दोन-तीन आठवडे वाढवायच्या आणि मग खळग्यात सोडून वरून हाडाच्या आवरणाचं ठिगळ शिवायचं. २३ रुग्णांचे निकाल त्यांनी १९९४ मध्ये मांडले. आता आवरणाच्या जागी कोलॅजनचा पडदा आला आहे, पेशी त्यावरच पेरलेल्या असतात. पण हा उपाय मार लागून पडलेल्या मर्यादित खळग्याचा आहे. सगळा सांधा झिजलेल्या आजोबांचा नाही.

आणि नेमकं आजोबांनाच आज ‘ऑपरेशनशिवाय नवी कूर्चा’ विकली जाते. रुग्णाचंच रक्त यंत्रात घुसळून, त्यातल्या प्लेटलेट्स दाट करून गुडघ्यात टोचतात, ते पीआरपी. ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर त्याची खाऱ्या पाण्याच्या इंजेक्शनशी तुलना झाली. २०२१ मध्ये छापलेला निकाल असा: वर्षभराने ना दुखण्यात म्हणण्यासारखा फरक, ना कूर्चेच्या आकारमानात. स्टेम सेलचं तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्टच केलं आहे: रक्ताच्या ठरावीक आजारांतलं रोपण सोडलं, तर इतर वापर मान्यता घेतलेल्या चाचणीतच व्हायला हवा, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. घरातल्या म्हाताऱ्या माणसाने पोटाला चिमटा काढून साठवलेली रक्कम अशा इंजेक्शनांवर जाते, याचा मला राग येतो. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि वजन उतरवणं यांचा पुरावा कितीतरी भक्कम आहे.

उरला एसीएल, मधला दोर. उडी मारून उतरताना किंवा धावता धावता एकदम वळताना गुडघा आत झुकतो, ‘टक्‌’ असा आवाज येतो आणि तासाभरात गुडघा सुजून टम्म होतो. आपल्याकडे कबड्डी-फुटबॉलवाल्यांच्या आणि दुचाकी घसरलेल्यांच्या वाट्याला हे हमखास येतं. नेहमीचं ऑपरेशन म्हणजे मांडीमागच्या स्नायूचा किंवा वाटीखालचा कंडरा घेऊन, हाडात बोगदे पाडून, नवा दोर ओवणं. ओवल्यावर तो लगेच पक्का होत नाही. आधी कमजोर पडतो, मग कित्येक महिन्यांत शरीर त्याला आपलासा करून घेतं. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जायची शक्यता जास्त, हे नॉर्वेच्या अभ्यासात दिसलं आहे. प्रत्येकाला ऑपरेशन लागतंच असंही नाही. स्वीडनमधल्या १२१ तरुणांच्या चाचणीत निम्म्यांना लगेच ऑपरेशन दिलं, बाकीच्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या निकालांत फरक नव्हता. पाच वर्षांनीही दुसऱ्या गटातले जवळपास निम्मे ऑपरेशनशिवाय होते.

तुटलेला दोर आपोआप का जुळत नाही, हा प्रश्न मार्था मरे यांना अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी असताना पडला. त्यासाठी त्या डॉक्टर झाल्या. बाकीच्या लिगामेंटमध्ये रक्ताची गुठळी दोन टोकांना धरून ठेवते आणि तिच्यावर नवा धागा विणला जातो. गुडघ्याच्या आत मात्र सांध्यातला द्रव ती गुठळी विरघळवून टाकतो. मरे यांच्या बॉस्टनच्या गटाने दोन तुकड्यांमध्ये रुग्णाच्याच रक्तात भिजवलेला कोलॅजनचा बोळा बसवला, म्हणजे गुठळीला आधार मिळाला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला मान्यता दिली, दुखापतीपासून ५० दिवसांच्या आत आणि मूळ दोराचा खुंट शाबूत असेल तर. एरवी दोर ओवण्याआधी सर्जन हाच खुंट बहुधा तासून टाकतात. इथे टाके त्यालाच घालायचे असतात. फिजिओथेरपीचे महिने दोन्हीकडे लागतातच.