विश्लेषण : बेटावरून लोकल धावते, तरी गावाला रस्ता नाही! पाणजूला जायचे कसे?

विरार लोकलने प्रवास करणाऱ्यांनी नायगाव आणि भाईंदरदरम्यान खाडीतले हिरवे बेट रोज पाहिलेले असते. ते पाणजू. वसई तालुक्यातले हे छोटे गाव पाहण्याजोगे आहेच, पण तिथल्या रहिवाशांची रोजची ये-जा समजून घेण्याजोगी आहे.

पाणजू नेमके कुठे?

उल्हास नदी ठाण्याजवळ दुभंगते. तिचा एक फाटा वसई खाडी बनून अरबी समुद्राला मिळतो. या खाडीत, तिवरांच्या वेढ्यात पाणजू वसले आहे. गावाला स्वतःची ग्रामपंचायत आहे.

पुलांचा इतिहास काय?

मुंबई-विरार लोकल 1867 मध्ये सुरू झाली. खाडी ओलांडणारी रेल्वे या बेटाचा आधार घेत पुढे जाते, म्हणून इथे पुलांचे दोन टप्पे आहेत : क्रमांक 73 आणि 75. ब्रिटिशकालीन जुने पूल वापरातून गेले. आता गाड्या नव्या पुलांवरून धावतात. बेटावर मात्र स्थानक नाही.

मग जायचे कसे?

पश्चिम रेल्वेच्या नायगाव स्थानकावर उतरून खाडीकिनाऱ्याची जेट्टी गाठावी आणि बोटीने पलीकडे जावे. भरती-ओहोटी व हवामानावर सारे अवलंबून असल्याने परतीची शेवटची बोट कधी, हे आधीच विचारून घ्यावे.

रेल्वे पुलावरून चालत गेले तर?

अजिबात जाऊ नये. रेल्वे कायद्याच्या कलम 147 नुसार रेल्वे हद्दीत विनापरवाना शिरल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. धोका त्याहून मोठा आहे. सप्टेंबर 2025 मध्ये या पुलावरून चालणाऱ्या पाणजूच्या एका तरुणाला धावत्या लोकलमधून फेकलेला निर्माल्याचा नारळ लागला आणि त्याचा मृत्यू झाला. खाडीत निर्माल्य टाकण्याची अनेक प्रवाशांची सवय खाली चालणाऱ्याच्या जिवावर बेतते, हे यातून दिसले.

रस्ता कधी होणार?

भाईंदर-नायगाव रस्तेपूल एमएमआरडीएच्या आराखड्यात दशकभराहून अधिक काळ आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये वसई-भाईंदर रो-रो सेवा सुरू झाल्यावर घोडबंदरमार्गे सुमारे 38 किलोमीटरचा वळसा वाचला. ती सोय वसई आणि भाईंदरकरांची. पाणजूकर आजही छोट्या बोटीवरच अवलंबून आहेत. रात्री कुणी आजारी पडले, तर आधी बोटवाल्याला उठवावे लागते.

जाताना काय लक्षात ठेवावे?

हे पर्यटनस्थळ नाही, माणसांचे राहते गाव आहे. पाणी, खाऊ सोबत घ्यावा, कचरा परत आणावा, घरांचे-माणसांचे फोटो विचारूनच काढावेत. सकाळ-संध्याकाळ बोटीत पहिली जागा गावकऱ्यांना द्यावी. आपली ती सहल असते. त्यांना कामावर आणि शाळेत वेळेवर पोहोचायचे असते.

आणि परतताना लोकलच्या दारात कुणी निर्माल्याची पिशवी घेऊन उभे दिसले, तर त्यांना नक्की थांबवा.