शिरा लाल की हिरव्या?

कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात २००८ साली काळ्या द्राक्षांच्या वेलींवर लाल चट्टे नोंदले गेले. जुना लीफरोल रोग म्हणावा, तर त्यात पानांच्या शिरा हिरव्या राहतात. इथे त्याही लालसर! हा रेड ब्लॉच विषाणू. मण्यांत साखर कमी भरते, इलाज नाही, वेल उपटायची. पांढऱ्या वाणांत तर पान लाल होतच नाही, म्हणजे नजरेचा भरवसा संपला.

तिथे विषाणूचा डीएनए शोधणारी लॅम्प चाचणी कामाला येते. नेहमीच्या पीसीआर चाचणीला तापमान सतत वरखाली करणारं यंत्र लागतं. लॅम्पला एकच, साधारण ६५ अंश. पानाच्या देठाचा अर्क नळीत घालायचा. विषाणूचा डीएनए असला, तर तासाभरात त्याच्या असंख्य प्रती होतात आणि गुलाबी द्रव पिवळा पडतो. हे बांधावरही जमतं. मात्र विषाणू वेलीत सगळीकडे सारखा नसतो. चुकीचं पान खुडलं, तर रोगी वेलही निरोगी ठरते.